नळाच्या पाण्याबाबत टीडीएसच्या आकड्यावर विसंबताय? या चुका टाळा

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, गुलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. आधी जुलाब-उलट्या, मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाणं. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं. त्या आठवड्यांत अनेक घरांनी टीडीएस मीटर मागवले, शंभराच्या आसपासचा आकडा बघितला आणि ‘आपलं पाणी चांगलं आहे’ म्हणून सुटकेचा श्वास सोडला.

सगळ्यात मोठी चूक हीच. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जिवाणू-विषाणू त्याला दिसत नाहीत. दोनशे लिटरच्या पिंपात तांब्याभर गटाराचं पाणी ओतलं, तरी आकडा दोन-चारने हलेल इतकंच. शिशाचंही तसंच. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि या मीटरचा सगळ्यात छोटा आकडा एक मिलिग्रॅमचा असतो.

टीडीएससाठी तेच मानक ५०० मिलिग्रॅमची मर्यादा देतं; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं सह्याद्रीतल्या पावसावर भरतात. त्यांचं पाणी मुळातच मऊ. अशा पाण्याला आरओची, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या फिल्टरची, गरज नसते, आणि ५००च्या आत टीडीएस असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मीटर जरूर वापरा, पण क्षार मोजायला.

मग बघायचं काय? क्लोरीन. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी निघताना त्यात थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं, कारण वाटेत घाण मिसळली तर तिच्याशी लढायला काहीतरी हवं. नळाशी ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. नळाला हलका क्लोरीनचा वास आला की लोक नाक मुरडतात, ‘पाण्यात औषध जास्त झालंय’ म्हणतात. खरी काळजी वास अचानक बंद झाल्यावर करायला हवी. ते क्लोरीन बहुधा वाटेत कशावर तरी खर्ची पडलंय.

हे घरी तपासता येतं. ग्रामपंचायतीत ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात ते किट, म्हणजे क्लोरोस्कोप, पोहण्याच्या तलावाचं साहित्य विकणाऱ्या दुकानातही मिळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, सांगितले तेवढे थेंब टाकायचे आणि लगेच रंग जुळवायचा. पिवळा जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. उशिरा वाचलेला रंग फसवतो. हे रसायन विषारी आहे; तपासलेलं पाणी ओतून द्या, नळी वेगळी ठेवा, हात धुवा.

आता हीच चाचणी एका जागी करून थांबू नका. पाणी सुटल्यावर आधी महापालिकेच्या लाइनवरच्या नळाला करा, मग जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत, शेवटी स्वयंपाकघरात. लाइनवर पिवळा रंग आला आणि खालच्या टाकीत आलाच नाही, तर दोष तुमच्या टाकीत आहे. महापालिकेशी भांडून उपयोग नाही. लाइनवरच रंग नसेल, तर तक्रारीला तुमच्या हातात पुरावा आहे. दहा मिनिटांच्या या फेरीत जे कळतं, ते महागड्या रिपोर्टांतून अनेकदा कळत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे थेट लाइनला मोटर लावणं. दाब कमी असतो, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, ही अडचण खरी आहे. पण होतं काय ते समजून घ्या. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि जिथे सांधा गळका आहे तिथून आजूबाजूची ओल आत शिरायला मोकळी होते. पाइप आणि ड्रेनेजची लाइन गल्लीत शेजारून जात असते, कुठे कुठे तर पाण्याची लाइन चेंबरमधूनच नेलेली असते. त्यावर मोटर सुरू केली की नुसती ओल शिरत नाही, ती जोराने ओढली जाते. एका घराची मोटर सगळ्या गल्लीला घाण पाणी पाजू शकते. मोटर लावायचीच तर खालच्या टाकीतून वर चढवायला लावा.

म्हणूनच पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहिलं की शुक्रवारी सकाळी येणाऱ्या पहिल्या पाण्याला जपा. ते टाकीत घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटांचं पाणी झाडांना, धुण्याला, फरशीला जाऊ द्या. गढूळपणा आणि वास गेल्यावर टाकीचा व्हॉल्व्ह उघडा.

टाकीकडे मात्र नीट वाकून बघा. सोसायट्यांमध्ये जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर बऱ्याचदा हाताच्या अंतरावर असतं. झाकणाची कड जमिनीच्या पातळीला असेल तर पार्किंग धुतल्यावरचं पाणी सरळ आत जातं. झाकणाचा कोपरा तुटलेला, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, आतल्या भिंतीवर एका जागी काळपट ओघळ. हा ओघळ दिसला तर थांबा. टाकी रिकामी करा आणि रिकाम्या टाकीत बाहेरून पाणी झिरपतंय का ते सकाळी बघा. ते कुठून येतंय हे शोधल्याशिवाय टाकी नुसती धुऊन घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

टाकीत क्लोरीन शिल्लक नसेल आणि पाणी स्वच्छ दिसत असेल, तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरता येते. ताजी, चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. पावडर थेट टाकीत झोकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत सोडा, किमान तासभर थांबा आणि पुन्हा ओटी टेस्ट करा. वॉचमनच्या खोलीत उघडं पडलेलं जुनं पोतं मात्र बाद समजा. उघड्यावर पावडरची ताकद उडून जाते.

फिल्टरच्या बाबतीत एकच सांगते. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन शोषून घेतो, म्हणून आरओच्या टाकीत साठलेल्या पाण्याला कसलंही संरक्षण उरत नाही. मेंब्रेन आणि कँडल वेळेवर बदलली नाही, ती टाकी धुतली नाही, तर जंतू वाढायला तीच जागा होते. यूव्हीचा दिवा गढूळ पाण्यात काम करत नाही, कारण किरण आरपार जात नाहीत. विकतच्या पाण्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. जीबीएसच्या साथीत महापालिकेने त्याच भागातल्या काही खासगी आरओ प्लांटवर कारवाई केली होती. थंड पाण्याचा सील नसलेला जार आला, तर त्या पाण्याची तपासणी कोण करतं हे जारवाल्याला विचारा.

शंका असेल तेव्हा उकळणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. पण पाणी कोमट होऊन भांड्याच्या तळाला बुडबुडे आले म्हणजे उकळलं नव्हे. खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट राहू द्या. क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीही त्यात मरतात. मग तेच पाणी माठात ओतून त्यात पेला बुडवू नका. ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या. बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. पावसाळ्यात तुरटी फिरवून पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. आधी तुरटी, मग निवळलेलं पाणी वेगळं काढून त्यात मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब), बाटलीवरच्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबणं. हा क्रम उलटा केला तर औषध गाळातच खर्ची पडतं.

पाणी तपासायला देताना कोल्ड्रिंकची रिकामी बाटली भरून नेऊ नका. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच घ्यावी लागते. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन घातलेलं असतं, ती आतून विसळायची नसते. भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आणि रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय’ (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जिवाणू) ही ओळ आहे का ते आधी शोधा. कित्येक रिपोर्टांत फक्त पीएच, टीडीएस आणि कठीणपणा असतो, खाली ‘पिण्यायोग्य’ असा शिक्का असतो. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

तक्रार करताना ‘पाणी घाण येतं’ एवढंच सांगितलं तर हाती काही लागत नाही. कोणत्या दिवशी, पाणी सुटल्यावर किती वेळाने, वास गटाराचा की गंजाचा, शेजारच्या किती घरांना तसंच, जवळचं कुठलं चेंबर तुंबलंय, ओटी टेस्टचा रंग काय आला, हे क्षेत्रीय कार्यालयाला लिहून द्या आणि तक्रारीचा नंबर घ्या. ‘क्लोरीन वाढवतो’ एवढ्या उत्तरावर परतू नका. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगढ नाल्याचं पाणी यमुनेत उलटं चढून वझिराबादच्या, शहराचं पाणी उचलणाऱ्या पंपांपर्यंत गेलं होतं. क्लोरीनचा डोस वाढवण्यात आला, तरी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हेपॅटायटिस ईची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी उलगडलं. मैला शिरतोय ती जागा शोधून बंद करावीच लागते.

घाण पाणी येत असल्याच्या काळात घरात कुणाला जुलाब होऊन गेल्यावर पायांना मुंग्या येऊ लागल्या, जमिनीवरून उठणं किंवा जिना चढणं जड जाऊ लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरोदर बाईला कावीळ दिसली तरी तसंच, कारण हेपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो. लाइन दुरुस्त झाली तरी दुसऱ्या नमुन्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळत राहा.