आउटहॉल बसवताना: ओढण्याइतकेच सोडणेही

रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीच्या मुखाशी शिडाची छोटी बोट चालवायला मी शिकू लागलो, तेव्हा माझे सारे लक्ष सुकाणू आणि मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करण्याची मुख्य दोरी, यांवरच असे. शिडाचा मागचा खालचा कोपरा, म्हणजे क्ल्यू, बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेलगतच्या आडव्या दांड्याच्या) टोकाकडे ओढून धरणारी आउटहॉलची दोरी मी सकाळी वाळूत उभा राहून बांधत असे आणि परत येईपर्यंत तिला हात लावत नसे. आपल्या किनाऱ्यावर ही सवय विशेष अडचणीची ठरते, कारण सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे बहुधा मंद असतात आणि दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे जोर धरतात. सकाळचा ताण दुपारी उपयोगाचा राहत नाही.

आउटहॉलचा परिणाम मुख्यतः शिडाच्या खालच्या तिसऱ्या भागावर होतो. दोरी सैल केली की तिथे पोट येते आणि हलक्या वाऱ्यात बोटीला जोर मिळतो. दोरी ताणली की शीड सपाट होते, बोट कमी कलते आणि वाऱ्याच्या दिशेने चढताना आवरते. वारा मागून असताना ती पुन्हा सैल करावी लागते. त्यामुळे चालत्या बोटीत, बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशी ती असली पाहिजे.

मी बसवलेली रचना दोन टप्प्यांची आहे. पहिली दोरी बूमच्या मागच्या टोकाला बांधली, क्ल्यूवरच्या कप्पीतून फिरवून पुन्हा टोकाच्या कप्पीतून घेतली आणि बूमखालून डोलकाठीकडे आणून तिच्या शेवटाला बोलाइन गाठीने एक तरंगती, म्हणजे दोरीबरोबर पुढेमागे सरकणारी, कप्पी बांधली. दुसऱ्या दोरीचे एक टोक बूमच्या पुढच्या भागात पक्के केले, दोरी त्या तरंगत्या कप्पीतून काढली आणि पुढच्या स्थिर कप्पीवरून क्लीटपर्यंत, म्हणजे दोरी अडकवून धरणाऱ्या खुंटीपर्यंत, नेली. प्रत्येक टप्पा जोर दुप्पट करतो, म्हणून एकूण जोर चौपट होतो. अर्थात घर्षणाने त्यातला काही भाग खर्च होतो. या वाढीव जोराची किंमत लांबीत मोजावी लागते: क्ल्यू 15 सेंटिमीटर सरकवायचा असेल, तर तरंगती कप्पी 30 सेंटिमीटर पुढे येते आणि हातात 60 सेंटिमीटर दोरी ओढावी लागते.

हे गणित मी आधी केले नव्हते. पहिली दोरी लांब राहिली, त्यामुळे शीड पुरते ताणले जाण्याआधीच तरंगती कप्पी पुढच्या स्थिर कप्पीला भिडली आणि भर दुपारच्या वाऱ्यात मला दोरी आणखी ओढता येईना. म्हणून शीड पूर्ण सैल ठेवून, दोन्ही कप्प्यांमध्ये हवे तेवढे अंतर मोजूनच ती गाठ मारावी.

त्याहून जास्त दिवस मला दोरी न सुटण्याने छळले. क्लीटमधून काढली तरी हलक्या वाऱ्यात क्ल्यू जागचा हलत नसे. जोर वाढवण्यासाठी आणखी कप्प्या लावाव्यात असे तेव्हा वाटले होते, पण प्रत्येक कप्पी घर्षणही वाढवते, हे मला उशिरा उमगले. उपाय वेगळे होते: जाड दोरीऐवजी 4 मिलिमीटरची, कमी ताणली जाणारी डायनिमा या कृत्रिम धाग्याची दोरी, बेअरिंगच्या कप्प्या, आणि क्ल्यूला बूमलगत धरणारा पट्टा. हा पट्टा नसेल तर शिडाच्या मागच्या कडेचा ताण क्ल्यूला वर उचलतो आणि आउटहॉलवर तिरका भार येतो. आणि तो फार घट्ट असेल तर बूमवर घासून अडतो. एवढे करूनही सुटायला वेळ लागत असेल, तर क्ल्यूला पुढे ओढणारी शॉक कॉर्ड, म्हणजे लवचिक रबरी दोरी, लावावी. शिडाची खालची कड बूमच्या खाचेत बसवलेली असेल, तर घर्षण अधिक असते, हे आधीच गृहीत धरावे.

बूमला भोके पाडण्याआधी दोऱ्या तात्पुरत्या बांधून एक दिवस पाण्यावर काढावा. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू थेट ॲल्युमिनियमला लावले, तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी जमते. मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा गंजरोधक लेप हवाच. दोरीच्या मोकळ्या टोकाला आठाची गाठ मारावी, पण शीड पूर्ण सैल होऊ शकेल इतकी लांबी सोडूनच. परत आल्यावर कप्प्यांवर गोडे पाणी ओतावे आणि दोरी क्लीटमधून मोकळी करून ठेवावी. मिठाने आखडलेली कप्पी दुसऱ्या सकाळी, मतलई वाऱ्याच्या वेळीच, सुटायला नकार देते.