छोट्या इलेक्ट्रिक गाडीत डॅशकॅम निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेमागून रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, घेताना बहुतेक जण आधी कॅमेरा पसंत करतात आणि त्याला वीज कुठून द्यायची हा प्रश्न बसवणाऱ्यावर सोपवून देतात. पेट्रोलच्या गाडीत हा क्रम एक वेळ चालून जातो. टियागो ईव्ही, कॉमेट किंवा पंच ईव्ही यांसारख्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीत मात्र नंतर उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच क्रमात असते. त्यामुळे आधी वीजजोडणी ठरवावी, मग नाशिकच्या उन्हाचा विचार करावा आणि कोणता कॅमेरा घ्यायचा हे त्यानंतर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या बॅटरीच्या भरवशावर राहणे

गाडीत १९ किंवा २४ किलोवॅट-तासांची बॅटरी असताना एवढ्याशा कॅमेऱ्याने काय बिघडणार, हा समज सर्वत्र आढळतो. धावत्या गाडीपुरता तो खराही आहे. डॅशकॅम साधारण ३ ते ६ वॅट वीज घेतो आणि छोटी इलेक्ट्रिक गाडी एका किलोमीटरला १०० वॅट-तासांहून थोडी अधिक वीज खर्च करते, म्हणजे तासभर चाललेला कॅमेरा गाडीची रेंज जेमतेम ५० मीटरने कमी करतो. रेंजच्या भीतीने कॅमेरा बंद ठेवण्याचे काहीच कारण नाही.

खरी अडचण गाडी उभी असताना येते, कारण कॅमेरा मोठ्या बॅटरीवर चालतच नाही. जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची एक वेगळी, लहान बॅटरी असते. दिवे, कुलपे, संगणकीय नियंत्रणे आणि मोठी बॅटरी जोडणारे विद्युत-स्विच हे सारे तिच्यावर चालते. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना मोठी बॅटरी कन्व्हर्टरमार्फत हिला भरत राहते, पण गाडी बंद करून कुलूप लावले की बहुतांश वेळ ही छोटी बॅटरी एकटीच असते. काही गाड्या ती उतरू लागल्यावर आपोआप भरून घेतात, सगळ्या घेत नाहीत. आपली गाडी काय करते ते पुस्तिकेत पाहावे.

समजा ही बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची आहे. म्हणजे तिच्यात सुमारे ४२० वॅट-तास साठा झाला. पार्किंग मोडमधला, म्हणजे उभ्या गाडीतही चित्रण चालू ठेवणारा, कॅमेरा ३ वॅट घेत असेल, तर दिवसाला ७२ वॅट-तास जातात आणि तीन दिवसांच्या आत निम्मी बॅटरी रिकामी होते. मोबाइल ॲपशी जोडलेल्या गाडीचा स्वतःचा खर्च त्याशिवाय. नाशिक रोड स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेला माणूस चार-पाच दिवसांनी परततो, तेव्हा मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कधी दारही रिमोटने उघडत नाही. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर चार्जरची गन लावूनही उपयोग होत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारा स्विच चालू करायलाच १२ व्होल्टच्या बॅटरीची वीज लागते. गाडीची यांत्रिक किल्ली म्हणूनच जवळ असावी आणि बाहेरून १२ व्होल्ट देण्याची पद्धत पुस्तिकेतून आधीच वाचून ठेवावी.

उपाय सोपा आहे, फक्त तो पहिल्या दिवशीच करायला हवा. पार्किंग मोड हवा असेल, तर व्होल्टेज घसरताच वीज तोडणारे हार्डवायर किट घ्यावे. अशा किटमध्ये तीन वायर असतात: एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, दुसरी गाडी ऑन केल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी बॉडीच्या अर्थिंगला. वीज तोडण्याची पातळी किटवर निवडता येते आणि बसवणारे बहुधा तिला हातही लावत नाहीत. विश्रांती घेतलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल, तर ती पूर्ण भरलेली असते; १२.२ ला ती जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. म्हणून छोट्या इलेक्ट्रिक गाडीत ही पातळी १२.४ ठेवावी, फार तर १२.२, त्याखाली मुळीच नको. वर सहा-आठ तासांचा टायमरही लावावा. गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी लिथियमची असेल, तर हे आकडे लागू पडत नाहीत आणि टायमरवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि मुळात पार्किंग मोड हवाच आहे का, याचा विचार करावा. सोसायटीच्या आत, वॉचमनच्या नजरेसमोर रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याची गरज नसते. कॉलेज रोडवर किंवा पंचवटीत रस्त्याच्या कडेला गाडी लावावी लागत असेल, तर असते.

चुकीच्या ठिकाणाहून वीज घेणे

डॅशबोर्डवरचे १२ व्होल्टचे सॉकेट किंवा यूएसबी पोर्ट हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे, आणि ज्याला पार्किंग मोड नको त्याने तेवढ्यावरच थांबावे. मात्र गाडीतल्या काही यूएसबी पोर्टमधून अर्धा किंवा एकच ॲम्पिअर मिळतो, तर कॅमेऱ्याला दीड ते दोन देऊ शकणारा पोर्ट लागतो. तशा वेळी कॅमेरा सुरू होतो, रेकॉर्डिंग चालू झाले की बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. लोक कॅमेरा खराब म्हणून परत करतात. खरे तर कॅमेऱ्याबरोबर आलेला ॲडॅप्टर वापरला की तक्रार संपते. कॅमेरा लावल्यापासून एफएम रेडिओत खरखर येत असेल, तर तीही बहुधा स्वस्त ॲडॅप्टरमुळेच असते.

फ्यूज बॉक्समधून वीज घ्यायची असेल, तर मूळ वायर कापून जोड देऊ देऊ नये. कापलेली वायर हे वॉरंटी नाकारण्याचे आयते कारण ठरू शकते, आणि तो जोड पुढे कुठे सैल होईल हे सांगता येत नाही. बाजारात फ्यूज टॅप मिळतो. तो मूळ फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यात मूळ फ्यूज व कॅमेऱ्याचा फ्यूज असे दोन्ही राहतात. त्याचा आकार गाडीच्या फ्यूजशी जुळायला हवा, कारण मिनी, लो-प्रोफाइल आणि मायक्रो हे प्रकार वेगवेगळे आहेत आणि बळजबरीने बसवलेला टॅप फ्यूज बॉक्सचे पाते कायमचे सैल करतो. एअरबॅग, एबीएस, स्टीअरिंग आणि ब्रेक यांच्या फ्यूजना हात लावू नये. मागचा वायपर किंवा ॲक्सेसरी सॉकेट यांचा फ्यूज निवडावा.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक तपासणी करावी लागते आणि ती सहसा कोणी करत नाही. गाडी बंद असताना, ऑन असताना आणि चार्जिंगला लावलेली असताना अशा तिन्ही अवस्थांत निवडलेल्या फ्यूजवर मल्टिमीटर लावून पाहावा. काही गाड्यांत चार्जिंग सुरू असताना एरवी बंद राहणारे सर्किटही जागे होते. मग गाडी चालू आहे असे समजून कॅमेरा रात्रभर घराच्या भिंतीचे चित्रण करत राहतो आणि कार्ड भरले की जुन्यावर नवे चित्रण होत असल्याने आदल्या दिवसाचे रेकॉर्डिंग पुसले जाते. बिघाड तपासण्याच्या ओबीडी पोर्टमधून वीज घेणारी केबल तर टाळावीच, कारण तिच्यामुळे काही गाड्यांची नियंत्रणे झोपी जात नाहीत.

नारिंगी आवरणाच्या वायर उच्च दाबाच्या असतात. त्यांच्याजवळून कॅमेऱ्याची वायर नेण्याची वेळ कधीच येत नाही, आणि कोणी बसवणारा त्या बाजूचे आवरण उघडू लागला तर त्याला तिथेच थांबवावे.

नाशिकच्या हवेचा हिशेब न करणे

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांबाहेर दिवसभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत काचेजवळचे तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. ज्या कॅमेऱ्यात लिथियम बॅटरी आहे, त्यातली ती अशा उन्हात फुगू शकते. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता अधिक सोसणारा भाग) असलेलाच कॅमेरा घ्यावा. खोक्यावर हा शब्द नसेल तर विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर गोलमोल आले तर दुसरा कॅमेरा पाहावा. फोर-के किंवा टू-के या आकड्यांपेक्षा मी या एका गोष्टीला अधिक महत्त्व देतो. चंदेरी सनशेड लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की कॅमेरा काच आणि सनशेड यांच्यामध्ये अडकतो आणि अधिकच तापतो. दुपारभर गाडी उन्हात राहणार असेल, तर कॅमेरा स्टँडवरून काढून ठेवता येणारा असलेला बरा.

थंडीत वेगळीच तक्रार येते. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे काच इतकी गार असते की दुहेरी टेप तिच्यावर पकड घेत नाही. कॅमेरा दुपारी, काच कोमट असताना लावावा. आधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, टेप अर्धा मिनिट घट्ट दाबावी आणि शक्य तर कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवावा.

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीकडे जाणाऱ्यांच्या चित्रणात फक्त पाण्याचे ओघळ दिसतात, कारण कॅमेरा वायपरच्या पट्ट्याबाहेर लावलेला असतो. जागा ठरवण्यापूर्वी वायपर एकदा फिरवून पाहावा. आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, चालकाची नजर न अडवणारी आणि वायपरखाली येणारी जागा बहुतेक गाड्यांत सापडते.

कॅमेरा निवडताना आकड्यांना भुलणे

स्वस्त कॅमेऱ्यांवर लिहिलेले फोर-के पुष्कळदा कमी क्षमतेच्या सेन्सरचे चित्र ताणून केलेले असते. सेन्सरचे नाव विचारावे आणि रात्रीचे नमुना-चित्रण पाहावे. रात्री समोरून येणाऱ्या गाडीची नंबर प्लेट वाचता येईल अशी अपेक्षा मात्र कोणत्याही कॅमेऱ्याकडून ठेवू नये. हेडलाइटच्या झोतात आणि वेगात ती पुसट होतेच. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातून बाहेर पडताना साधा कॅमेरा क्षणभर संपूर्ण पांढरा पडतो. डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, असलेला लवकर सावरतो. बोगद्यात जीपीएस मिळत नाही, त्यामुळे तेवढ्या अंतरात वेगाचा आकडा नसेल तर तो बिघाड समजू नये.

मेमरी कार्डाच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. मोबाइलसाठी असलेले साधे कार्ड सतत लिहिले-पुसले जाऊन लवकर निकामी होते आणि कॅमेरा तसे सांगेलच असे नाही. सतत लिहिणे-पुसणे सोसणारे हाय-एन्ड्युरन्स कार्ड घ्यावे, आणि पुरेशा क्षमतेचे. पुढे टू-के आणि मागे फुल-एचडी अशी दोन चित्रणे मिळून तासाला साधारण १५ जीबी जागा घेतात. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड चार तासांत भरते आणि नाशिकहून पुण्याला वाटेत चार्जिंग करत पोहोचेपर्यंत द्वारका चौकात घडलेली धडक पुसली गेलेली असते. १२८ जीबीखाली जाऊ नये. कार्ड महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे.

बसवून झाल्यावर सेटिंग तशीच सोडणे

धक्का ओळखणाऱ्या जी-सेन्सरची संवेदनशीलता जास्त असेल, तर प्रत्येक गतिरोधकावर आणि खड्ड्यात एकेक फाइल कुलूपबंद होते, म्हणजे आपोआप पुसली जात नाही. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर थोड्याच आठवड्यांत कार्ड अशा फाइलींनी भरते आणि नवे रेकॉर्डिंग थांबते. “कार्ड भरले” ही सूचना वारंवार येत असेल, तर नवे कार्ड आणण्यापूर्वी संवेदनशीलता सर्वांत खालच्या पातळीवर न्यावी.

सेटिंगमध्ये विजेची वारंवारता आपल्याकडची, म्हणजे ५० हर्ट्झ, निवडावी. अनेक कॅमेरे ६० वर येतात आणि मग काही चित्रांत सिग्नलचा एलईडी दिवा विझलेला दिसतो. सिग्नल हिरवा होता हेच सिद्ध करायचे असेल, तेव्हा या चुकीची किंमत मोठी असते. घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे जीएमटीच्या साडेपाच तास पुढे, आहे का ते पाहावे. आवाजाचे रेकॉर्डिंग चालू असेल, तर गाडीत बसणाऱ्यांना तसे सांगावे. इलेक्ट्रिक गाडी शांत असल्याने मागच्या सीटवरचे बोलणेही त्यात स्पष्ट येते.

वायरिंगबद्दल दोन गोष्टी. खांबाच्या आवरणात पडदा-एअरबॅग असेल, तर वायर तिच्या मागून जायला हवी. पुढून गेलेली वायर एअरबॅग उघडताना अडथळा होते. मागच्या दारात वायर रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर ती दारात चेपते आणि पावसाचे पाणी आत येते. मागचे चित्र अधूनमधून काळे पडत असेल, तर आधी तीच जागा तपासावी.

अपघातानंतरची चूक

धडक झाल्यावर लोक चित्रण मोबाइलवर घेतात, मित्रांना पाठवतात आणि कॅमेरा पूर्ववत चालू ठेवतात. मोबाइलवर पाठवलेली प्रत आकार कमी करण्यासाठी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते आणि मूळ फाइल त्यावर नवे चित्रण होऊन नष्ट होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली का हे ओळखणारा तिचा आकडेमोडीने काढलेला ठसा) नोंदवायचे असते. त्याआधीच्या कायद्याखाली, जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले होते की मूळ उपकरणच हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, प्रत दिली तर ते अनिवार्य आहे. म्हणून गाडी सुरक्षित जागी थांबवताच कॅमेरा बंद करावा, कार्ड काढून वेगळे ठेवावे, कॅमेऱ्यात दुसरे कार्ड घालावे आणि विमा कंपनीला व पोलिसांना प्रत देतानाही मूळ कार्ड, त्यावरची एकही फाइल न पुसता, स्वतःजवळ जपून ठेवावे.