डायरेक्ट-पोर्ट नायट्रस घरीच बसवताय? आपल्या उन्हात या चुका टाळा

नायट्रस म्हणजे इंजिनात सोडून थोडा वेळ जास्त ताकद काढायचा गॅस, नायट्रस ऑक्साइड. बाहेरदेशातले व्हिडिओ पाहून त्याचं किट मागवणाऱ्या पोट्ट्यांची पहिली चूक म्हणजे बाटलीचा हीटर. तिकडच्या थंडीत लागत असेल बावा, पण हिंगणघाट-वरोऱ्याकडं एप्रिल-मे मध्ये तो कायले पायजे? बाटलीत नायट्रस द्रव असतो, 21 अंशाला दाब साधारण 750 पीएसआय आणि 30 अंशाला 900 च्या आसपास, आणि बहुतेक किट 900 ते 950 धरूनच सेट केलेले असतात, म्हणजे आपल्याकडं फेब्रुवारीच्या दुपारीच काम भागतं. खरी भानगड पुढं आहे. 36.4 अंशाच्या वर नायट्रसचा द्रव राहतच नाही, कितीही दाब द्या, आणि नवतप्यात बंद डिक्की किती तापते ते काय सांगायचं. जेटचा, म्हणजे गॅस-पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पुर्ज्याचा, हिशोब द्रव धरून केलेला असतो, तो तिथंच बोंबलतो. वरून बाटली जास्त भरून आणली असेल तर दाब चढत चढत सेफ्टीची चकती फुटते अन् सगळा गॅस गाडीत. म्हणून वजन करून भरा, 10 पाउंडाच्या बाटलीत साडेचार किलोच, चकतीचा पाईप गाडीच्या बाहेर काढा, गाडी उन्हात उभी असली की बाटली आत ठेवू नका आणि रन पहाटेच मारा.

नायट्रसऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन जोडायची आयडिया कोणी दिली तर त्या माणसाकडून चहासुद्धा घेऊ नका. भंगारातली बिनशिक्क्याची बाटली पण नको, सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि हे सगळं बंद ट्रॅकसाठी, रोडवर गाडीत परस्पर बदल केला म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकाल.

आता पाईप. डायरेक्ट-पोर्टमध्ये इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या रनरला (हवा आत नेणाऱ्या नळीला) वेगळा नोझल, त्यात एकीकडून नायट्रस, दुसरीकडून पेट्रोल. इंजिन ताकदीनं कमी फुटतं, वाटणी चुकल्यानं जास्त फुटतं. संत्र्याच्या बागेत ड्रिपची नळी नीट नसली की पहिल्या झाडाला भरपूर अन् शेवटच्याला थेंब, तसंच इथं, फक्त इथं झाड सुकत नाही, पिस्टनला भोक पडतं. नायट्रस-पेट्रोल वाटणाऱ्या ब्लॉकपासून नोझलपर्यंतच्या सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या ठेवा, जवळच्या सिलिंडरची नळी उगाच वळवावी लागली तरी चालेल.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फ्लेअरमध्ये, म्हणजे जोडासाठी नळीचं तोंड पसरवण्यात. गावात फ्लेअर टूल असतो फ्रिज-एसीवाल्याकडं, आणि तो असतो 45 अंशाचा. नायट्रसच्या नळ्यांचे जोड एएन प्रकारचे, त्यांना 37 अंशाचा लागतो. 45 वाला नट कसला की बसल्यासारखा वाटतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे, मग गडी अजून कसतो अन् नळीचं तोंड चिरतं. मग उपाय म्हणून पांढरी टेप गुंडाळतात. नका करू! फ्लेअरला काहीच लावायचं नसतं, टेपचा एक धागा सुटला की जेटमध्ये अडकतो, आणि 20 नंबरच्या जेटचं भोक असतं 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. निमुळत्या एनपीटी आट्यांना पेस्ट सीलंट लावा, तोही पहिले दोन आटे सोडून. ग्रीस-ऑइल नायट्रसच्या बाजूला अजिबात नको, दाबाखाली ते पेटू शकतं.

मॅनिफोल्ड (सगळे रनर असलेला भाग) गाडीवर ठेवूनच नोझलसाठी ड्रिल मारणारे पण आहेत, किस व्हॅक्यूम क्लीनरनं ओढू म्हणतात. काढा ना भाऊ, गॅस्केटचा खर्च इंजिनापेक्षा कमीच आहे.

बसवून झालं की नोझल बाहेर काढून प्रत्येकाखाली एकसारखी रिकामी बाटली धरा, इग्निशन काढून ठेवा, आजूबाजूला बिडीवाला नको, आणि काही सेकंद फक्त पेट्रोलचा सोलेनॉइड (करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा. बाटल्यांत सारखं भरलं पायजे. इंजिन बंद असताना नायट्रस मात्र कधीच सोडू नका, मॅनिफोल्ड भरून राहतो अन् स्टार्टर मारला की उडतो. कमी आरपीएमवर बटण दाबलं तरी तेच, म्हणून फुल थ्रॉटलचा स्विच लावा आणि 3000 च्या खाली चालूच होणार नाही असं करा.

पेट्रोलचा जेट किटच्या तक्त्यावरून डोळे झाकून घेऊ नका. तक्ता साध्या पेट्रोलचा, आपल्या पंपावर मिळतं ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं, त्याला जास्त इंधन लागतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लावूनच ठरवा, आणि इग्निशनचं टायमिंग मागं घ्या, दर 50 हॉर्सपॉवरला साधारण 2 अंश.

बटण दाबल्यावर गाडी भकभक करून काळा धूर सोडते? नायट्रस कमी येतोय, बाटलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला का पाहा, मग फिल्टर, मग सोलेनॉइडचा करंट. झटका चांगला बसतो आणि लगेच विझतो तर बाटली उलटी बसवलीय, बहुतेकांत व्हॉल्व्ह गाडीच्या नाकाकडं अन् लेबल वर लागतं, म्हणजे पळताना मागं गेलेला द्रव आतली नळी ओढते. एकच प्लग पांढरा निघाला तर त्या सिलिंडरचा पेट्रोलचा जेट चोक आहे किंवा दोन्ही जेट अदलाबदल झालेत, तिथं रन थांबवा. आणि सगळं बंद असूनही गाडी आयडलला लडखडत असेल तर पेट्रोलचा सोलेनॉइड गळतोय, आत कचरा बसला असणार, खोलून साफ करा.