गावातला शिलालेख मोबाइल आणि संगणकाच्या मदतीने कसा टिपावा आणि वाचावा

सातारा-सांगलीकडे लेख नसलेले जुने गाव शोधावे लागेल. कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांत ब्राह्मी आहे, मिरज आणि जत भागात हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड आहे. देवळांच्या चौकटींवर, विहिरींवर आणि गद्धेगाळांवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या दगडांवर, देवनागरी सापडते. यातले बरेच लेख ऊन-पावसाने आणि ऑइलपेंटने पुसट होत चालले आहेत. ते नीट टिपायला महागडा कॅमेरा लागत नाही. तिपाई, दोन बॅटऱ्या आणि थोडी चिकाटी पुरते.

दगडाला हात लावण्याआधी

स्थळ संरक्षित असेल तर तिपाई आणि दिव्यांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. गावच्या देवळात गुरवांना आणि ग्रामस्थांना विचारा. अक्षरांत खडू, पीठ, तेल किंवा शेंदूर भरू नका. खडूची रेघ ओढली की अक्षर तुमच्या समजुतीप्रमाणे दिसू लागते, आणि पुढचा वाचक दगडाऐवजी तुमचा खडू वाचतो. धूळ काढायला कोरडा मऊ ब्रश पुरे. दगडफूल आणि जुना रंग खरवडू नका, त्याबरोबर दगडाची वरची कपचीही निघते.

फोटो: सगळे काम इथे ठरते

समोरून फ्लॅश मारला की खाचेत सावली पडत नाही आणि अक्षरे नाहीशी होतात. प्रकाश बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाणारा हवा. सूर्य मावळल्यावर काम करा, किंवा दिवसा घोंगडी धरून अंधार करा. मोबाइल तिपाईवर, दगडाच्या पृष्ठभागाला समांतर लावा. प्रो मोडमध्ये आयएसओ १०० ठेवा, फोकस हाताने लावून कायम करा, एचडीआर बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. चौकटीत सेंटिमीटरची पट्टी दिसू द्या.

आता बॅटरी दगडाच्या मध्यापासून एक मीटर बाजूला आणि पृष्ठभागापासून २५ सेंमी पुढे धरा. हा साधारण १५ अंशांचा कोन होतो. घड्याळाच्या तबकडीवर धरल्यास बारा, दीड, तीन, साडेचार असे करत आठ दिशांनी आठ फोटो घ्या. तिपाई केसभरही हलता कामा नये. आठ दिशा कशाला? प्रकाशाच्या दिशेने जाणारी रेघ सावली टाकत नाही. उजेड डावी-उजवीकडून आला तर काना उठून दिसतो, पण शिरोरेषा मावळते. वरून आला तर उलटे होते. एकाच फोटोवरून वाचणाऱ्याचा 'व' आणि 'ब' यांत घोळ होतो तो यामुळेच. खालून उजेड आला तर कोरलेली अक्षरे उठावाची भासतात. म्हणून प्रत्येक फोटोला दिशेचे नाव द्या.

लेख फारच झिजलेला असेल तर आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) ही पद्धत वापरा. दगडाशेजारी चकचकीत काळी गोटी ठेवून ४० ते ६० वेगवेगळ्या दिशांनी फोटो घ्यायचे, बॅटरीचे अंतर दोरीने मोजून दर वेळी सारखेच ठेवायचे. गोटीवरच्या चमकीवरून आरटीआयबिल्डर हा प्रोग्रॅम प्रकाशाची दिशा काढतो, आणि आरटीआयव्ह्यूअर या प्रोग्रॅममध्ये पडद्यावरच दिवा फिरवता येतो. दोन्ही मोफत आहेत. फोटोत गोटीचा व्यास निदान २५० पिक्सेल हवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडली की बिल्डर अडतो. अनेकांचे काम इथेच थांबते.

संगणकावर

फिजी, म्हणजे इमेजजे या चित्रे तपासायच्या मोफत प्रोग्रॅमचे एक रूप, उतरवून घ्या. आठही फोटो एकाच स्टॅकमध्ये, म्हणजे गठ्ठ्यात उघडा, ८-बिट करड्या रंगात बदला आणि झेड प्रोजेक्ट या आदेशात 'स्टँडर्ड डेव्हिएशन' निवडा. उजेडाची दिशा बदलली की जिथे छटा बदलते, म्हणजे खाचांच्या कडांवर, तो भाग पांढरा होतो आणि सपाट दगड काळा पडतो. चित्र दुहेरी दिसले तर तिपाई हलली होती, फोटो पुन्हा घ्या. नंतर हवे तर 'एन्हान्स लोकल कॉन्ट्रास्ट' लावा, त्यातला ब्लॉकचा आकडा अक्षराच्या उंचीच्या साधारण दुप्पट ठेवा. स्लोपचा आकडा तीनच्या वर नेलात की बसाल्टची छिद्रे अनुस्वार होऊन बसतात. डीस्ट्रेच नावाचे साधन मुळात रंगाने काढलेल्या चित्रांसाठी आहे. कोरीव लेखावर त्याचा फारसा उपयोग नाही.

वाचन आणि टंकलेखन

दगडावरची ओळ तशीच ओळ ठेवा आणि तिला क्रमांक द्या. शुद्धलेखन सुधारू नका. अस्पष्ट अक्षर गोल कंसात, आपण भरलेले चौकोनी कंसात, आणि ही खूण सुरुवातीलाच सांगून ठेवा. यादवकालीन नागरीत पडिमात्रा येते, म्हणजे 'ए'ची मात्रा अक्षराच्या डावीकडे उभ्या रेघेने दाखवतात. ती मागच्या अक्षराचा काना समजली की सगळा शब्द बिघडतो.

अक्षरमुख हे साधन कन्नड, ब्राह्मी, मोडीतला मजकूर देवनागरीत आणते, पण आधी कोणीतरी टाइप केलेलाच. झिजलेल्या दगडाचा फोटो वाचणे हे त्याचे काम नाही. हळेकन्नड टाइप करताना ऱ आणि ऴ यांची वेगळी अक्षरे पाळा, आजच्या कन्नडच्या सवयीने 'र' आणि 'ळ' दाबू नका. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, नोटो सान्स मोडी हा फाँट बसवला की चौकोन दिसणे थांबते. जुन्या शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांत मोल्सवर्थ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, दोन्ही शोधता येतात.

तारीख पडताळा

झिजलेले आकडे सर्वांत जास्त फसवतात. सुदैवाने लेखात शकाबरोबर बहुधा संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे नावही असते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शून्य उरले तर साठावा, क्षय. शके १५९६ घेतला तर १६०८, बाकी ४८, म्हणजे आनंद, शिवराज्याभिषेकाचा संवत्सर. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ मधली. १६४१ ची बाकी ३३, म्हणजे विकारी. तिथला ४ झिजून ५ वाटला असता तर १६५१ ची बाकी ४३ येते, तो सौम्य. नाव वाचता आले की आकड्याचा वाद मिटतो. फरक एकाच वर्षाचा असेल तर वाचन लगेच टाकून देऊ नका, गत (सरलेली वर्षे मोजणारा) आणि वर्तमान (चालू वर्ष धरणारा) शक या दोन्ही रीती होत्या.

इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा, पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलले की ७९. मराठेशाहीत सुहूर सन ही कालगणना अरबी शब्दांत येते: 'खमस सबैन व अलफ' म्हणजे ५, ७० आणि १०००, एकूण १०७५. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. हा १६७४-७५ झाला.

जाणकाराकडे पाठवताना सुधारलेले चित्र एकटे पाठवू नका. आठही मूळ फोटो, दगडाची लांबी-रुंदी, जागेचे अक्षांश-रेखांश आणि कंसांसकट वाचन एका फोल्डरमध्ये द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, नाहीतर बारीक खाचा पोहोचण्याआधीच पुसल्या जातात.