मालकाचं कर्ज थकलं, दारावर नोटीस लागली: भाडेकरूने काय काय काढून ठेवावं

घरमालकाने इमारत गहाण टाकून कर्ज काढलं, हप्ते थकवले आणि एके सकाळी जिन्याच्या तोंडाशी बँकेची ताबा नोटीस चिकटली, की अख्खी चाळ हादरते. आमच्या शेजारच्या चाळीत हेच झालं. अशा वेळी आधी नोटिशीचा फोटो काढा आणि ती कधी लागली ते वहीत लिहा. गहाण मालमत्तेचा ताबा घेऊन कर्ज वसूल करायची मुभा बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जायला ४५ दिवसच मिळतात. भाडेकरूला आपला हक्क तिथे मांडता येतो, ही सोय २०१६ च्या दुरुस्तीने झाली. त्याच नोटिशीत बँकेने मालकाला पैशांची मागणी केली ती तारीखही असते. तिच्याखाली लाल रेघ ओढा. त्यानंतर दिलेली भाडेकरारी टिकवणं फार अवघड. गहाणखत कधीचं आहे, तेही इंडेक्स टूवरून, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्यावरून, काढून घ्या.

आता तुमची भाडेकरारी या दोन्ही तारखांच्या आधीची आहे, हे दाखवायचंय. शेजारच्या आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, तर आत सुतळीत बांधलेल्या भाडेपावत्या निघाल्या. शाई उडालेली, पण भाडं वसूल करणाऱ्या मेहताजीची सही आणि खोलीचा नंबर वाचता येत होता. अशा पावत्या वर्षवार लावा. पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. त्याने दिलीच नसेल, तर वीजबिलं, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, भाडं गेल्याचं बँक पासबुक, जे सापडेल ते जोडा.

एवढा आटापिटा का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा राज्याचा कायदा आहे आणि सरफेसी केंद्राचा. २० जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्याच्या कायद्याने भाडेकरूला दिलेलं संरक्षण सरफेसीच्या जोरावर पुसता येत नाही. मुंबईच्या भाडेकरूंसाठी हा फार मोठा आधार आहे. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने नुसत्या तोंडी करारावर उभ्या असलेल्या भाडेकरूला दाद दिली नाही. ढाल राज्य देतं, पुरावा मात्र आपल्याच घरातून निघावा लागतो.

भाडं थांबवू नका. ‘मालक बुडाला, आता कोणाला द्यायचं?’ असं म्हणत लोक थकबाकीदार होतात आणि घर खाली करायला आयतं कारण देतात. चेक आणि सोबत पत्र, स्पीड पोस्टाने. परत आलं तर पाकीट फोडू नका, तसंच फायलीला लावा.

दुरुस्तीचा पत्रव्यवहारही काढा. इमारत नीट ठेवणं मालकाचं काम. तो ढिम्म राहिला तर १५ दिवसांची नोटीस देऊन आपण दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना २०० रुपये भाडं असेल तर वर्षाला ६०० रुपये. त्यात संडासाचा पाइपही बदलत नाही, आणि हे मला फार खटकतं. तरी नोटीस द्यावीच. मालकाने उत्तरात तुम्हाला ‘भाडेकरू’ म्हटलं, की तो कागद पावतीइतकाच मोलाचा.

मालक म्हणजे कंपनी असेल आणि ती दिवाळखोरीत गेली असेल, तर वाट वेगळी. जाहीर सूचना मराठी पेपरातही येते. रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे त्या काळात कंपनीचा कारभार पाहणारा माणूस, नेमला, की दावे द्यायला साधारण १४ दिवस असतात. डिपॉझिटचा दावा पुराव्यासह तिथे लावा, भाडं कोणत्या खात्यात भरायचं ते त्याच्याकडून लेखी घ्या. कंपनीवर नवा खटला त्या काळात घालता येत नाही, जुनाही थांबतो.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी भाडेकरूच्या संरक्षणावर विसंबू नये. नोंदणीकृत करार आणि डिपॉझिट दिल्याचा पुरावा एवढं जपावं.

सगळ्याचे झेरॉक्सचे तीन संच करा. मूळ कागद वकिलाला दाखवायला न्या, पण त्याच दिवशी घरी परत आणा.