इलेक्ट्रिक गिटारचा ट्रेमोलो ब्रिज बदलताना

नवा ट्रेमोलो ब्रिज (तारांना बॉडीवर आधार देणारा आणि दांड्याने झुलवून सूर वर-खाली करता येणारा भाग) मागवण्यापूर्वी जुन्याची मापे घेणे अत्यावश्यक आहे, कारण दिसायला सारखे असणारे ब्रिज एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये पहिल्या व सहाव्या स्क्रूच्या केंद्रांमधील अंतर मोजावे. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटोकास्टरवर (फेंडर कंपनीचे गिटार) ते सुमारे ५६ मिलिमीटर असते, तर अनेक स्वस्त गिटारांवर साधारण ५२.५ मिलिमीटर भरते. ब्लॉकची, म्हणजे ब्रिजखाली बॉडीत उतरणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची, उंचीही बॉडीच्या जाडीशी ताडून पाहावी. पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते ते चकचकीत सॅडलपेक्षा (तार ज्यावर टेकते तो ब्रिजवरचा तुकडा) भरीव पोलादी ब्लॉकवर करावेत.

तारा सैल करून काढाव्यात, मागचे झाकण उघडावे आणि स्प्रिंग पक्कडीने सोडवाव्यात (डोळे जपावेत). स्प्रिंग ज्या पट्टीत अडकतात, तिला जोडलेली अर्थिंगची वायर तुटू देऊ नये, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरमधून गुणगुण ऐकू येते. नवा ब्रिज बसवताना सहाही स्क्रू करकचून आवळण्याचा मोह टाळावा: स्क्रू हळूहळू फिरवताना ब्रिजच्या प्लेटची मागची कड उचलू लागली, की तेथून किंचित उलटा फिरवावा, म्हणजे ब्रिज मोकळेपणाने झुलतो.

तारा सुरात लावल्यावर प्लेटच्या मागच्या कडेखाली सुमारे ३ मिलिमीटर फट राहील इतके पट्टीचे स्क्रू आवळावेत किंवा सैल करावेत. प्रत्येक बदलानंतर सूर उतरतो किंवा चढतो, त्यामुळे ही खटपट पुन्हा पुन्हा करावी लागते. शेवटी बाराव्या फ्रेटवर (मानेवरील धातूची आडवी पट्टी) दाबलेला स्वर तेथील हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून छेडलेला स्वर) चढा वाटल्यास सॅडल मागे सरकवावे, उतरल्यास पुढे घ्यावे.