पहिली-दुसरीच्या मुलांसोबत शाळेत परसबाग कशी करावी

शाळेत परसबाग करायची ठरली की बहुतेक वेळा आधी फलक रंगतो, मग कुंपण होतं, शेवटी शिपाईकाका रोपं लावतात. मुलं कुंपणाबाहेरून बघतात. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी हा क्रम उलटा हवा. सुरुवात मूठभर वालापासून करा.

१. बी आधी काचेत

किराणा दुकानातून पाव किलो कडवे वाल आणा. पाकिटातलं गुलाबी-निळा रंग चढवलेलं बियाणं मुलांच्या हाती देऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं. वाल रात्रभर भिजत घाला. काचेच्या ग्लासात आतून ओलं सुती कापड गुंडाळून बसवा आणि काच व कापड यांच्यामध्ये चार वाल सरकवा. कापड सुकू द्यायचं नाही, एवढंच काम.

आधी मूळ येतं. पानं आधी येतील असं बहुतेक मुलांना वाटत असतं, म्हणून ही पहिली चकमक चांगली रंगते. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ग्लास आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक वळून पुन्हा खाली निघतं. ‘बाई, त्याला खाली कुठंय ते कसं कळलं?’ असा प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका. दुसरा ग्लास उलटा करायला सांगा.

२. उरलेले वाल पोटात

बाकीचे भिजलेले वाल फडक्यात बांधून मोड आणा. कोमट पाण्यात टाकले की सालं सैल होतात. चिमटीत धरून दाबलं की पांढरं बिरडं टुणकन बाहेर उडतं, कधी शेजाऱ्याच्या मांडीवर. हात धुऊन मुलांनीच सोलायचे, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना उसळीसाठी द्यायचे. कच्चे कुणी खायचे नाहीत. काचेत हिरवं होत असलेलं आणि ताटात आलेलं बी एकच आहे, हे त्या दिवशी सांगावं लागत नाही.

३. वाफा मुलांच्या हाताच्या मापाचा

रुंदी अडीच फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी मुलाचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर पाय वाफ्यातच पडतो. जागा पाच-सहा तास उन्हाची आणि नळाजवळची. मातीत पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. जमीन नसेल तर तेलाचे रिकामे डबे चालतात, फक्त तळाला भोकं पाडून.

आवारातले धोतरा, एरंड, कण्हेर मुलांना ओळखायला शिकवा आणि एक नियम करा: बाईंना दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही.

४. कधी काय लावायचं

जूनमध्ये भेंडी आणि गवार. भेंडीला साधारण दीड महिन्यात फळं धरतात. पिवळं, आत तांबडं असलेलं फूल एकच दिवस टिकतं, म्हणून रोज सकाळी बघायला जावंच लागतं. मेथी मात्र पावसाळ्यात लावू नका, कुजते. दिवाळीच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी नसतं, तेव्हा मेथी सुट्टीनंतरच पेरा: तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात तोडणीला येते. या वयातल्या मुलांचा धीर साधारण तेवढाच असतो. वालही तेव्हाच मातीत टाका. जूनमध्ये लावला तर गावरान वाल नुसता वेल वाढवत बसतो, शेंगा थंडीतच धरतो.

एक कढीपत्ता कायमचा लावून टाका. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली तर झटकू नका. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, मग कोष करते आणि त्यातून फुलपाखरू निघतं. चार फांद्या खाल्ल्या तर खाऊ दे.

५. पाणी आणि नोंद

मुलांच्या हाती बादली दिली की सगळं पाणी एकाच रोपावर पडतं. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून द्या. परिपाठाआधी, पाळीपाळीने. नोंदीसाठी मोजपट्टी नको: दर सोमवारी रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर ओळीने चिकटवा. आलेख आपोआप तयार होतो. एखादं रोप मेलं तर ती पट्टी तिथेच थांबते. गुपचूप नवं रोप आणून लावू नका.

६. तोडणी

प्राथमिकच्या पोषण आहारात मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे चाळीस मुलांना दोन किलो. एका वाफ्यातून रोज तेवढी निघणार नाही. मेथीची जुडी मावशींच्या वरणात गेली तरी पुरे. घरी पालेभाजी बाजूला सारणारं पोर ‘ही आमची आहे’ म्हणत निदान एक घास तरी घेतं.

भेंडीच्या एका झाडावरच्या दोन भेंड्या मात्र तोडू नका. वाळून तपकिरी झाल्या की हलवून बघा, खुळखुळतात. त्या बिया कागदी पाकिटात ठेवा आणि जूनमध्ये नव्या पहिलीला वाटा. वाटणारे हात दुसरीत गेलेल्या मुलांचे असू द्या.